साक्षांकन नमुन्यातला ‘नाही’: नावावर गुन्हा असेल तर नोकरी-परवान्याचा अर्ज कसा भरावा

निवड यादीत नाव आलं की काही दिवसांत हातात साक्षांकन नमुना पडतो, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. घरात पेढे वाटून झालेले असतात आणि नमुन्यातल्या एका रकान्यापाशी पेन थांबतं: ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय?’ गावातल्या भांडणात चार वर्षांपूर्वी नाव गोवलेलं असतं, खटला कधीच मिटलेला असतो. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘निर्दोष सुटलास ना? मग नाही लिही.’ पोरगं ‘नाही’ लिहितं. पडताळणीत नोंद निघते आणि निवड रद्द होते. कारण म्हणून भांडणाचा गुन्हा दाखवला जात नाही. ‘माहिती दडवली’ हे कारण दाखवलं जातं.

म्हणून हा लेख रकान्याभोवतीच आहे. गुन्हा नोंद असला म्हणून सरकारी नोकरीचं दार आपोआप बंद होत नाही. मात्र खोटं उत्तर दिलं की बचावाची अर्धी बाजू आपणच मोडून टाकतो.

आधी स्वतःचीच पडताळणी करा

नमुना हातात येण्याची वाट पाहू नका. परीक्षेचा अर्ज भरतानाच आपल्या नावावर नक्की काय आहे ते कागदोपत्री शोधा. बहुतेकांना ते धड माहीत नसतं. ‘केस होती, पण मिटली’ यापलीकडे सांगता येत नाही, आणि मिटली म्हणजे काय, यावरच सगळं अवलंबून असतं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. नाव मराठी उच्चाराप्रमाणे दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगांनी टाकून बघा. कारकुनाने कसं टाइप केलं असेल सांगता येत नाही. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तो लागतो. गुन्हा दाखल झाला पण खटला सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष देऊन सद्यःस्थिती विचारा. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे अलीकडचा एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळू शकतो.

ठाण्यात दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. गोष्ट सांगत बसू नका, सरळ मागा: ‘गु.र.नं. अमुक/अमुक या गुन्ह्याच्या तपासाची सद्यःस्थिती आणि न्यायालयात सादर केलेल्या अंतिम अहवालाची प्रत’.

‘केस मिटली’चे सात-आठ अर्थ

इथे घाई नको. याच शब्दांवर निकाल फिरतात.

एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अशा तक्रारी स्टेशन डायरीत घेतल्या जातात. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. अशा नोंदीत सहसा अटक नसते आणि खटलाही नसतो. त्यामुळे ‘अटक झाली काय’, ‘खटला चालला काय’ यांना ‘नाही’ हे खरं उत्तर ठरतं.

चॅप्टर केस. गणपती, निवडणूक किंवा भावकीच्या वादात पोलीस प्रतिबंधक कारवाई करतात आणि तहसीलदार किंवा सहायक पोलीस आयुक्तांसमोर बंधपत्र घेतलं जातं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं आहे, ११० चं १२९ झालं आहे. ही शिक्षा नव्हे आणि दोषसिद्धीही नव्हे. पण केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात ‘बंधपत्र लिहून घेतलं होतं काय’ असा वेगळा प्रश्न असतो. तिथे ‘हो’च लिहायचं.

समरी. पोलिसांनी दोषारोपपत्र न पाठवता गुन्हा बंद केला असेल तर महाराष्ट्रात त्याला अ, ब किंवा क समरी म्हणतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ब म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. क म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. उमेदवाराच्या दृष्टीने ब सगळ्यांत भक्कम, क चालण्यासारखी, आणि अ समरी अडचणीची, कारण तिच्यात तुम्ही निर्दोष आहात असं कुणी म्हटलेलंच नसतं. पोलिसांनी समरी पाठवली एवढ्याने काम होत नाही. न्यायालयाने ती मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल हवी.

तडजोड. आपसात मिटवता येण्यासारख्या गुन्ह्यात न्यायालयासमोर तडजोड झाली की कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. ही तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. चावडीवर बसून मिटवलेली केस मात्र न्यायालयात जिवंतच असते.

खटला मागे घेणे. आंदोलनाचे, टाळेबंदीतले खटले मागे घेण्याचा सरकारी निर्णय होतो, पेपरात बातमी येते आणि उमेदवार निर्धास्त होतो. पण सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाची संमती मिळेपर्यंत खटला प्रलंबितच असतो. शासन निर्णयाची प्रत जोडून भागत नाही, न्यायालयाचा आदेश हवा.

दंड भरून सुटणे. सगळ्यांत जास्त लोक इथे फसतात. पिंपळाखाली पत्ते खेळताना पकडलं, जुगार कायद्याच्या कलम १२(अ) खाली खटला झाला, पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हटलं आणि दोन-तीनशे रुपये भरून बाहेर आलो. लोकांच्या लेखी ही सुटका. कायद्याच्या लेखी ही दोषसिद्धी आहे. मुंबई पोलीस कायद्यातल्या (आता महाराष्ट्र पोलीस कायदा) रस्त्यावरच्या गैरवर्तनाच्या खटल्यांचंही तेच. ‘न्यायालयाने दंड केला काय’ आणि ‘दोषी ठरवलं काय’ या दोन्ही रकान्यांत ‘हो’ येतं. तेव्हा खटला अजून चालू असेल आणि वकील ‘कबूल करून मोकळा हो’ म्हणत असेल तर थांबा. पहिलाच गुन्हा असेल तर अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ खाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी करा, आणि ती शिक्षा सुनावण्याआधीच करा. या कायद्याच्या कलम १२ नुसार अशा दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली मात्र जात नाही, रकान्यात ती लिहावीच लागते.

उरली निर्दोष मुक्तता. ती दोन प्रकारची मानली जाते: आरोप खोटे ठरून झालेली, आणि साक्षीदार फितूर झाल्याने किंवा संशयाचा फायदा मिळून झालेली. पोलीस भरतीत हा फरक फार ताणला जातो. २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलीस दलासारख्या ठिकाणी केवळ सुटका पुरेशी नाही, सुटका कशी झाली ते छाननी समिती पाहू शकते. पण ४ डिसेंबर २०२३ च्या राम लाल निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की ‘संशयाचा फायदा’ किंवा ‘सन्मानाने मुक्तता’ हे काही मंत्र नव्हेत, निकालपत्राचा गाभा वाचायला हवा. तो निकाल विभागीय चौकशीच्या संदर्भातला असला तरी उत्तरात वापरण्यासारखा आहे. म्हणून रोजनाम्याची किंवा शेवटच्या आदेशाची एक पानी नक्कल काढून थांबू नका. संपूर्ण निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा. साक्षीदाराने ‘आरोपी तिथे नव्हताच’ म्हटलेलं असेल तर ते आतल्या परिच्छेदात असतं.

बालपणीची नोंद

घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर गोष्टच वेगळी. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ सांगतं की बाल न्याय मंडळाकडे निकाली निघालेल्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि नोंदी ठरावीक काळाने नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: सोळा पूर्ण झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. कलम ७४ तर पोलिसांना थेट मनाई करतं: प्रकरण बंद झालं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी त्याची नोंद उघड करायची नाही. २०१९ च्या रमेश बिष्णोई प्रकरणात अल्पवयीन असतानाची केस न सांगितल्याबद्दल उमेदवाराला अपात्र ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तरीही ठाण्यातून अशी नोंद पाठवली जाते. मग जन्माचा दाखला, घटनेची तारीख आणि ही दोन कलमं असं एक पानी निवेदन नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे द्या.

रकाना भरताना

प्रश्न शब्दशः वाचा. केंद्राच्या नमुन्यात अटक, खटला, स्थानबद्धता, बंधपत्र, दंड, दोषसिद्धी, परीक्षेतून वर्ज्य होणं, प्रलंबित प्रकरण असे वेगवेगळे पोटप्रश्न असतात. एकाला ‘हो’ आलं म्हणून सगळ्यांना ‘हो’ नाही, आणि शेवटी सुटका झाली म्हणून ‘अटक’ला ‘नाही’ होत नाही. प्रश्न ‘कधी’ असा असेल तर पंधरा वर्षांपूर्वीचंही येतं.

उत्तर असं असावं: ‘होय. गु.र.नं. ४२/२०१९, पोलीस ठाणे अमुक, भा.दं.वि. कलम ३२४, ५०४, ५०६. अटक दि. अमुक, त्याच दिवशी जामीन. आर.सी.सी. क्र. अमुक/२०१९, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अमुक यांच्या न्यायालयातून दि. अमुक रोजी निर्दोष मुक्तता. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.’ एवढंच. फिर्यादी कसा खोटारडा आहे, भावकीचा वाद काय आहे, हे इथे लिहू नका. रकान्यात जागा पुरत नसेल तर ‘सोबत परिशिष्ट’ लिहून वेगळा सही केलेला कागद जोडा. भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स पोचेसह ठेवा. पुढे वाद झाला तर तुम्ही नक्की काय लिहिलं होतं हे दाखवायला तीच लागते.

आणखी एक अट लोक वाचतच नाहीत. नमुना दिल्यानंतर अटक झाली किंवा गुन्हा दाखल झाला तर तेही लगेच कळवायचं असतं. केंद्राच्या नमुन्यात वरच्या इशाऱ्यातच हे छापलेलं असतं.

कायदा कुठे उभा आहे

या विषयातला पाया म्हणजे २१ जुलै २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायमूर्तींचा निकाल. त्यातले मुद्दे आपल्या कामाच्या क्रमाने असे.

खरं सांगितलं तरी नेमणूक द्यावीच अशी सक्ती मालकावर, म्हणजे नोकरी देणाऱ्यावर, नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार राहतो. पण सांगितलेलं प्रलंबित प्रकरण किरकोळ असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. लपवलेलं प्रकरण तरुणपणीच्या घोषणाबाजीसारखं क्षुल्लक असेल तर मालक ते माफ करू शकतो. अनेक प्रलंबित खटले मुद्दाम लपवले तर तेवढंच कारण पुरेसं ठरू शकतं. गुन्हा दाखल झाल्याचं उमेदवाराला माहीतच नव्हतं तर दडवल्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. नमुन्यातला प्रश्न मोघम चालत नाही, आणि जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून कारवाई होत नाही. नोकरीत कायम झालेल्या माणसाला या कारणावरून काढायचं तर विभागीय चौकशी हवीच.

पुढचे निकाल दोन्ही बाजूंनी गेले आहेत. मे २०२२ मध्ये पवन कुमार प्रकरणात रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला दिलासा मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सतीशचंद्र यादव प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बाजूने निकाल लागला. गणवेशाच्या नोकरीत न्यायालयं कडक राहतात, हे धरूनच चाला. लिपिक, शिक्षक, तलाठी यांच्या बाबतीत तेवढी ताणाताण सहसा नसते.

नोटीस आली तर

‘आपली निवड रद्द का करू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस आली की मुदत मोजा. ती पुरत नसेल तर वाढवून मागा, पण मागणी मुदतीच्या आत आणि लेखी करा. सोबत पोलिसांच्या पडताळणी अहवालाची प्रत मागा. अहवालात काय आहे ते न पाहता उत्तर देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यात कधी एकाच नावाच्या दुसऱ्याचा गुन्हा असतो, तर कधी सुटका झालेली असूनही ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा असतो. कारण साधं आहे: निकाल लागला तरी तो ठाण्याच्या नोंदीत चढवायचं राहून गेलेलं असतं. त्यावर उपाय नोटिशीच्या आधीच करता येतो. निकालाची प्रमाणित नक्कल जोडून ठाणे अंमलदाराकडे अर्ज द्या की गुन्ह्याचा अंतिम निकाल ठाण्याच्या नोंदीत आणि सीसीटीएनएसमध्ये (पोलिसांच्या संगणकीय नोंदप्रणालीत) घ्यावा. अर्जाची प्रत जिल्हा विशेष शाखेला किंवा आयुक्तालयाच्या विशेष शाखेला द्या आणि पोच घ्या.

उत्तरात क्रम ठेवा: आरोप काय होता, त्यात तुमची भूमिका काय लिहिली होती, घटनेच्या वेळी वय किती, निकाल काय, पदाचं काम काय आणि त्याचा या आरोपाशी संबंध आहे की नाही, प्रश्नाचे शब्द काय होते. शेवटी अवतार सिंग निकालातला लागू मुद्दा. चूक झालीच असेल तर ती कशी झाली ते सरळ लिहा. ‘प्रश्न कळला नाही’ हे पदवीधराच्या तोंडी शोभत नाही, उलट नुकसान करतं.

तरीही निवड रद्द झाली तर राज्य सरकारच्या पदांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ते बसतं. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. केंद्राच्या नागरी पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल अशा दलांसाठी आणि जिल्हा परिषद, महापालिकेच्या नेमणुकांसाठी उच्च न्यायालय. मुदत वर्षाची असली तरी लवकर जा. जागा भरली गेली की अडचण वाढते.

खासगी कंपनी

इथे संरक्षण फार थोडं आहे. खासगी मालकाने गुन्ह्याची नोंद विचारू नये किंवा त्यावरून नाकारू नये, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ऑफर लेटरमध्ये ‘पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन’ हे वाक्य असतंच. करण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्नापुरतंच उत्तर. दोषसिद्धी विचारली असेल तर सुटलेल्या खटल्याची कहाणी सांगायची गरज नाही. पडताळणी करणाऱ्या एजन्सी न्यायालयांच्या संकेतस्थळांवर नावाने शोधतात, त्यामुळे पाटील, शिंदे, जाधव अशा आडनावांची फार गल्लत होते. असा अहवाल आला तर त्या खटल्याचा सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि आरोपीच्या वडिलांचं नाव, वय, पत्ता यांत तुमच्याशी काय जुळत नाही ते कागदासह दाखवा.

पासपोर्ट आणि इतर परवाने

पासपोर्टबद्दल गैरसमज जास्त आहेत. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२) नुसार मुख्यतः दोन गोष्टी अडवतात: गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा, किंवा फौजदारी न्यायालयात प्रलंबित खटला. परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनानुसार नुसता एफआयआर किंवा चालू तपास म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. न्यायालयाने दखल घ्यावी लागते. खटला प्रलंबित असेल तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेचा मार्ग आहे. ज्या न्यायालयात खटला आहे तिथून परदेशी जाण्याची परवानगी आणायची. अर्जातच पासपोर्ट किती वर्षांचा हवा ते मागा. आदेशात मुदत लिहिलेली नसली तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, आणि आखातात नोकरीला निघालेल्याला तो पुरत नाही. नकार मिळाला तर लेखी कारणांची प्रत मागण्याचा हक्क कलम ५ मध्ये आहे. अर्जात खोटी माहिती देणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

वकिलीच्या सनदेसाठी नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा आडवी येते, पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते, आणि परिवीक्षेवर सोडलेल्याला ती लागतच नाही. शस्त्र परवान्याला हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर ती संपल्यापासून पाच वर्षं बंदी, आणि शांतता राखण्याचं बंधपत्र चालू असेपर्यंतही बंदी. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजसाठी पोलीस पडताळणी लागते. तिथे तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत फिरू नका. आरटीओत अर्जाची पोच घ्या आणि नकार सहीशिक्क्याचा मागा, कारण अपील लेखी आदेशावरच होतं.

नकलेसाठी अर्ज टाकताना एकाऐवजी तीन प्रती मागा. एक नियुक्ती कार्यालयात जाते, एक ठाण्यात अडकते, तिसरी घरी राहते.